मधलं पेडल, त्रेचाळीस वेळा

माणसाची पारख त्याच्या वाद्यावरून करावी. कपडे उसने आणता येतात, पदव्या भिंतीवर टांगता येतात. वाद्य मात्र आपल्या धन्याचा आत्मा चारचौघांत उघडा करून दाखवतं. हे वाक्य मी गेली बावीस वर्षं, ऐकणारा सापडेल तिथे, ऐकवत आलो आहे. माझ्या वाद्यावर आमच्या घरी कपड्यांना इस्त्री होते.

आता ते वाद्यच इस्त्रीला सोयीचं आहे, त्याला मी काय करणार? पेडल स्टील गिटार म्हणतात त्याला. नावात गिटार असली तरी ती गळ्यात अडकवून उभं राहायची सोय नाही. चार पायांचं अरुंद टेबल असतं, त्यावर दहा तारा. उजव्या हाताच्या बोटांत धातूच्या नख्या घालायच्या, डाव्या हातात अंगठ्याएवढी जाड पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. खाली तीन पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायच्या दोन पट्ट्या. पेडल दाबलं की टेबलाच्या पोटातल्या सळ्या तार ओढतात आणि वाजता वाजताच सूर वर चढतो, एखाद्याला बोलता बोलता हुंदका यावा तसा. डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाज कमीजास्त करायच्या वेगळ्या पेडलवर. म्हणजे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे कामाला लागतात. मोकळी राहते फक्त जीभ. तिने काय केलं ते पुढे येईलच.

हे वाद्य माझ्याहून फार तर दोन वर्षांनी लहान. पक्क्या जांभळाच्या रंगाचं लाकूड, डाव्या कोपऱ्यात टवका उडालेला. माझा गुडघा आणि त्याच्या सळ्या एकाच वर्षी कुरकुरायला लागल्या. डॉक्टरांनी मला विश्रांती सांगितली. वाद्याने ती आपणहून घेतली. एके दिवशी बायकोने त्याच्यावर फळी टाकली, फळीवर जुनी चादर टाकली आणि म्हणाली, "उंची अगदी बेताची आहे हो, कंबर दुखत नाही." सहा वर्षं झाली.

वाद्य माझ्याकडे आलं तेही सरळ मार्गाने नाही. मी वजनमापं खात्यात तपासनीस होतो. एका दुपारी एका हॉटेलचे तराजू तपासायला गेलो, तर जेवणाच्या रिकाम्या दालनात एक गृहस्थ हे असलं टेबल पुढ्यात घेऊन बसलेले. त्यांनी कांडी सरकवली, पाय दाबला, आणि माझ्या हातातली वजनांची पेटी मी खाली ठेवली ती दोन तासांनी उचलली. त्या दिवशी त्या हॉटेलचा तराजू मी न बघता पास केला. साऱ्या नोकरीत केलेला एवढा एकच भ्रष्टाचार, आणि लाच मिळाली ती अशी.

त्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. नऊ वर्षं मी त्यांच्याकडे दुपारी शिकलो, हॉटेलच्याच वाद्यावर. शिकवताना बोलत कमी. माझी चूक झाली की एक साडेतीन अक्षरी शब्द उच्चारत, ज्यात समोरच्याच्या सात पिढ्या आणि एक चतुष्पाद प्राणी येई. एवढंच व्याकरण. त्यांची स्वतःची एक धून होती. रात्री दालन बंद करायची वेळ झाली की शेवटची गिऱ्हाइकं उठावीत म्हणून त्यांनी ती बांधली होती. इतकी करुण, की माणूस मुकाट्याने टोपी उचलून घरी जाऊन बायकोची माफी मागे.

पुढे हॉटेलने वाजवणारे काढून टाकले, मास्तरांची बोटं संधिवाताने वाकडी झाली, आणि त्यांनी घरचं स्वतःचं वाद्य मला दिलं. सोबत कागद दिला. एक प्रत मला, एक त्यांना. त्यावर दोन ओळी: "वाजवील तोवर त्याचे. वाजवणे थांबले की माझ्या घरी परत." खाली दोघांच्या सह्या. मी भावनेच्या भरात सही केली. तपासनिसाने कधीही भावनेच्या भरात सही करू नये.

मास्तर जाऊन चार वर्षं झाली. कागदही त्यांच्याबरोबर गेला असं मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी फोन आला.

"काका, मी मास्तरांची मुलगी."

"अरे वा! कधी आलीस गावात?"

"वर्ष झालं. दातांचा दवाखाना टाकलाय."

"छान, छान. मास्तरांना किती आनंद—"

"काका, बाबांचं वाद्य इस्त्रीला कसं आहे?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. दुसऱ्या कानालाही तेच ऐकू आलं.

"कागद माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी अकरा वाजता येते. बाबांची धून वाजवून दाखवा, न थांबता. वाजली तर वाद्य तुमचं. नाही वाजली तर जाताना घेऊन जाईन. गाडी सांगून ठेवलीय."

"अगं, पण थोडी मुदत... तीनेक आठवडे..."

"काका, दाढ ठणकत असताना माणूस तीन आठवडे थांबतो का?" म्हणाली आणि फोन ठेवला.

हे तिला सांगितलं कुणी, याचा शोध लागायला वेळ लागला नाही. आमच्या घरात एकच माणूस दातांचा आहे: माझा मेहुणा. दर महिन्याला त्याचा एक दात जातो, तरी बोलण्याचा वेग कमी होत नाही.

"तो नसेल हो बोलला," बायको म्हणाली. "तोंड उघडं असताना कसा बोलेल माणूस?"

"तुझा भाऊ तोंड मिटून राहिल्याचं तू कधी पाहिलंयस का?"

तिने फोन लावला. मेहुण्याने कबूल केलं. डॉक्टरीणबाई कवळीचं माप घेत होत्या, भिंतीवर त्यांच्या वडिलांचा तसल्याच टेबलापाशी बसलेला फोटो होता, आणि याने आपुलकीने सांगितलं की असलं टेबल आमच्या ताईकडे आहे, शर्टाच्या बाह्या फार सुंदर निघतात त्यावर.

मी चादर काढली, फळी काढली. बसलो. पहिली तार छेडली, दुसरी छेडली. तिसरीला हात लावला आणि काढून घेतला. तिसरी तार ही या वाद्याची जान. सगळ्यांत ताणलेली, केसासारखी बारीक, आणि मधलं पेडल दाबलं की हीच अर्धा सूर वर ओढली जाते. त्यातून या वाद्यात एक जुनं दुखणं: तार जिथून खाली वळते तिथल्या धातूला खाच पडलेली आहे, आणि ती खाच तिसऱ्या तारेला चावते. मी वाजवत होतो तेव्हा महिन्याला एक तार खाऊन टाकायची. आत्ता लावलेली तार सहा वर्षं टिकली होती. दीर्घायुष्याचं रहस्य एवढंच, की सहा वर्षांत तिला कुणी काम सांगितलं नव्हतं. गंज चढून ती तांबूस दिसत होती.

काळजी नव्हती. पेटीत तीन नव्या तारांची पाकिटं मी जपून ठेवली होती. पेटी उघडली. पाकिटं होती. चपटी होती.

"अगं, इथल्या तारा?"

बायको साबण करते. विकत नाही, वाटते. आमच्या नात्यागोत्यात अंगाला आमचा वास नसलेला माणूस नाही. लाकडी खोक्यात साबणाची लांब लादी जमते, मग तिच्या वड्या पाडायच्या. सुरीने कापलं तर कडा ढासळतात. बारीक तारेने कापलं तर आरशासारखी वडी निघते.

"त्या होय?" ती म्हणाली. "फार गुणी तारा होत्या. एक तुटली, एक वाकली, तिसरी आहे ना वड्या कापायच्या चौकटीला."

चौकटीला होती. वीतभर.

"अगं, ती वाद्याची तार होती!"

"सहा वर्षांत तुम्ही पेटी उघडलीत का एकदा तरी? मला वाटलं, तुम्ही सोडलंत."

त्या 'सोडलंत'चा आवाज मला बराच वेळ ऐकू येत राहिला. ती आत गेली. थोड्या वेळाने पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "नेतील का हो खरंच?"

"नेतील."

"इस्त्रीचं काय ते बघू कुठेतरी. पण तुम्ही काय कराल?"

तेव्हा मला कळलं की मी काय करीन ते मलाही माहीत नाही. सहा वर्षं न वाजवणं आणि वाद्य घरात नसणं या दोन गोष्टी एकच आहेत असं मी समजत होतो. निवृत्तीनंतर मनातल्या मनात मी रोज वाजवत होतो. मनातल्या वाजवण्याला खाली वाद्य असावं लागतं, हे फोन येईपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

बाहेरून तारा मागवल्या तर तीन आठवडे. गावातल्या वाद्यांच्या दुकानात साध्या गिटारची त्या जाडीची तार होती, एकच. दुकानदार म्हणाला, "चालेल बघा, तार ती तार." जुनी तार हलक्या हाताने उतरवून गुंडाळून ठेवली, नवी चढवली. धून सुरू केली. अकराव्या वेळी मधलं पेडल दाबलं आणि टण्! नवी तार वळवळत माझ्या मनगटावर आली. खाचेने सहा वर्षांचा उपास सोडला होता.

मग मी कागदावर धून मांडली आणि मोजलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मधलं पेडल त्रेचाळीस वेळा. त्यात शेवटाकडे एक चढण, जिथे ते लागोपाठ सात वेळा दाबायचं, तेहेतीस ते एकोणचाळीस. नवी तार अकरात गेली होती, आणि माझ्याकडे उरली होती ती गंजलेली म्हातारी.

ती परत चढवायचा तो अर्धा तास मला आयुष्यात पुन्हा नको. मी तार खाचेत धरून वाकलेलो, बायको खुंटी पिळणारी.

"हळू."

"हळूच आहे."

"अर्धा पीळ. अर्धा म्हटलं!"

"ओरडू नका. तुमच्या ओरडण्याने तुटेल."

तार कुरकुरली. आम्ही दोघांनी श्वास धरला. वजनमापं खात्यात मी सोन्याचे काटे तपासले आहेत, जिथे श्वासाने पारडं हलतं. पण तिथे सोनं दुसऱ्याचं असायचं. शेवटी सूर लागला. ताबडतोब मी खुंटी दोन पीळ सैल करून तिला झोपवली. रविवारी अकरापर्यंत तिला कुणी उठवायचं नाही असं ठरलं.

पण मग सराव कशावर? तिसऱ्या तारेशिवाय ती धून म्हणजे कर्त्याशिवाय वाक्य. मी वाजवायला बसायचो, जिथे तिसरी तार यायची तिथे नखी हवेत मारायचो, पेडल मात्र दाबायचो, आणि घरात खड्डा पडल्यासारखी शांतता व्हायची. चौथ्या तारेवर पाच घरं वर सरकलं तर तोच सूर सापडतो, मास्तरांनी पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं, "तार तुटली तरी जेवणारा चमचा खाली ठेवत नाही, तू का थांबायचं?" पण या वाद्यावर घरं म्हणजे तारांखाली नुसत्या आखलेल्या रेघा. कांडी अडायला काही नाही. केसभर पुढे गेली की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज. धावत्या धुनेत पाच घरांची उडी मला नऊ वर्षांत कधी नीट जमली नव्हती. या चार दिवसांतही जमली नाही. चाळीसदा केली, चाळीस मांजरं निघाली.

बुधवारी मी खड्ड्यापाशी आलो, नखी हवेत मारली, आणि खोलीत सूर उमटला. बायको साबणाचं खोकं घासत बसली होती. "ऊं" करून ती तो सूर गुणगुणली, आणि मान वर न करता म्हणाली, "इथे असंच आहे ना?"

तसंच होतं. इतकी वर्षं इस्त्री करणाऱ्या बाईच्या कानात ती धून शिल्लक होती. मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार आमचा सराव असा: दहापैकी नऊ तारा माझ्या, एक तिची. मी पेडल दाबलं की तिचं "ऊं" अर्धा सूर वर चढायचं. शिवाय बोटांवर मोजायची. "बत्तीस झाले. आता चढण आली, गुडघा सांभाळा." शनिवारी संध्याकाळी धून पहिल्यांदा न थांबता पार पडली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही हसलो नाही.

"तार टिकेल का हो?"

"त्रेचाळीस वेळा?" मी म्हणालो. "बघू."

रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना खाली गाडी थांबली. साऱ्या नोकरीत मी लोकांच्या दुकानात न सांगता शिरलो. दुकानदारांच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना पाहिला. त्यातले प्रामाणिक जास्त घाबरायचे, हे तेव्हा मला विनोदी वाटे.

मास्तरांची मुलगी आत आली. उंच, शांत, हातात पर्स. तिच्यामागे दोन हमाल; एकाच्या खांद्यावर दोर, दुसऱ्याच्या काखेत दोन जाड गोधड्या. ते दाराशी उभे राहिले आणि वाद्याकडे पाहू लागले, लग्नघरात वाढपी ताटांकडे पाहतात तसे.

"या, बसा," मी म्हणालो. फोनवर जिला मी अगं-तुगं केलं होतं तिला मी आता अहो-जाहो करत होतो. "चहा घेणार?"

"आधी तपासते."

तिने पर्समधून छोटा टॉर्च आणि दात बघायचा तो गोल आरसा काढला. वाकली. वाद्याच्या पोटात आरसा घालून सळ्या पाहिल्या, पेडलं हलवून पाहिली, खाच पाहिली. खाचेपाशी बराच वेळ थांबली. माझ्याच तोंडात आरसा असल्यासारखा मी आ करून उभा होतो.

"कीड नाही," ती शेवटी म्हणाली. "झीज आहे." मग भिंतीला टेकवलेल्या फळीकडे वळली. फळीवर इस्त्रीचा तिकोनी डाग होता. "ही ती का?"

"हो," बायको म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण वाद्याला चटका लागू दिला नाही हं कधी. दुहेरी चादर होती."

"काकू, तुम्ही बसा." तिने कागद काढून मांडीवर ठेवला, मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. "काका, सुरू करा."

मी तिसरी तार उठवली. दोन पीळ. कुरकुरली, पण आली. नख्या घातल्या. कांडी हातात घेतली तर ती घामाने मासळीसारखी सुळसुळत होती, विजारीला पुसली. बायको खिडकीपाशी बसली, दोन्ही हात पदराखाली. मला माहीत होतं की पदराखाली बोटं मोजायला तयार आहेत.

पहिला सूर लागला आणि थोरला हमाल दाराच्या चौकटीला टेकला.

एक. दोन. तीन. तार गात होती. सहा वर्षं झोपलेली, गंजलेली बाई, पण आवाजाला वय नव्हतं. आठ. नऊ. दहा. अकराव्याला माझा पाय आपोआप हलका पडला आणि सूर अर्ध्यावरच लोंबकळला. मास्तरांच्या मुलीची भुवई हलली. मी पाय दाबला. अकरा. नव्या तारेने जिथे जीव सोडला तिथून म्हातारी पुढे गेली.

पंधरा. वीस. गुडघा ठणकायला लागला होता. पट्टी ढकलताना आत कुठेतरी वाळूवरून चाक जावं तसा आवाज येत होता, तो वाद्याचा की माझा ते कळत नव्हतं. पंचविसाव्याला तारेचा रंग बदलला. रंग म्हणजे आवाजाचा. सुरात बारीक खरखर आली, आणि ती काय असते ते मला ठाऊक होतं: खाचेत एकेक पापुद्रा सुटत होता. एकोणतीस. तीस. धाकट्या हमालाने गोधडी खाली ठेवली. ठेवून वाद्याकडे येणार की काय, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं आणि तेवढ्यात एक सूर निसटता निसटता वाचला.

बत्तीस. चढण आली.

तेहेतीस, चौतीस, पस्तीस. खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पाहिलं. बायकोचे डोळे मिटलेले होते. छत्तीस. सदतीस.

अडतिसाव्याला तार तुटली.

टण्! खोलीभर. तुटलेलं टोक माझ्या कानाशी सूं करून गेलं. आणि माझ्या शरीरात जो एकच अवयव मोकळा होता त्याने आपलं काम केलं. मास्तरांचा तो साडेतीन अक्षरी शब्द, सात पिढ्या आणि चतुष्पादासकट, मी बाईमाणसांसमोर, खणखणीत आवाजात, उच्चारला.

सगळं संपलं होतं. पण बायकोला ते कुणी सांगितलं नव्हतं. तार गेली आणि खड्डा पडला, तर तीन दिवसांच्या सवयीने, मिटल्या डोळ्यांनी, ती "ऊं" करून गुणगुणली. अगदी वरचा सूर. जिथे तो असायला हवा तिथे.

मी घरांकडे पाहिलंच नाही. तिच्या आवाजाकडे कांडी नेली. चौथ्या तारेवरून पाच घरं, सर्रकन, आणि तिच्या सुराशी जाऊन थांबली. मांजर निघालं नाही. एकोणचाळीस मी तिथेच वाजवला, पुढचे चार तिथेच, पेडलाशिवाय, आणि कांडी सावकाश सरकवत खाली घराला आलो. शेवटचा सूर हवेत विरला.

मी नख्या काढून वाद्यावर ठेवल्या.

"तोंडातून गेलं त्याबद्दल माफ करा, डॉक्टर," मी म्हणालो. "तार तुटली. तुमच्यासमोरच तुटली. मी थांबलो नाही, पण ज्या तारेची धून ती तारच... न्या तुम्ही."

हमालांनी दोर सोडायला घेतला. ती त्यांच्याकडे न बघता हात वर करून म्हणाली, "थांबा."

तिने रुमाल काढला होता. "काका, बाबा हॉटेलात कसे वाजवायचे ते मी कधी ऐकलं नाही. लहान मुलींना रात्री तिथे नेत नसत. मी ऐकलं ते घरी, या वाद्यावर. रोज दुपारी नाही, महिन्यातून एकदा, नवी तार घातली की. आणि दर वेळी इथेच." तिने हवेत बोट ठेवलं. "वर वर वर जायचं, मग टण्, मग बाबा तो शब्द म्हणायचे, आणि मग सर्रकन खाली यायचं. मला वाटायचं, धून तशीच आहे. शाळेत बाईंनी घरचं गाणं म्हणायला सांगितलं तेव्हा मी ते टण्सकट म्हटलं होतं. शब्दासकट."

"मग?" बायकोने विचारलं.

"बाबांना शाळेत बोलावलं होतं."

थोरला हमाल खोकला. हसू दाबायचा तो प्रकार असावा.

"तुम्ही नीट शेवटपर्यंत वाजवली असती ना काका," ती म्हणाली, "तर मला कळलंच नसतं की ही बाबांची." डोळे पुसून झाल्यावर ती पुन्हा डॉक्टर झाली. "मध्ये काकूंचं ते काय होतं, ते मात्र बाबांच्यात नव्हतं."

"ते आमच्या घरचं," मी म्हणालो.

"राहू द्या." तिने मांडीवरचा कागद उलटला, पेन काढलं आणि मास्तरांच्या सहीखाली लिहिलं: "तपासले. वाजवतो." तारीख घातली. त्याखाली आणखी एक ओळ: "दर सहा महिन्यांनी तपासणी." मग मला सही करायला दिला. या वेळी मी चष्मा लावून दोनदा वाचला आणि मग भावनेच्या भरातच केली.

हमाल गोधड्या उचलून निघाले. मास्तरांची मुलगी वाद्यापाशी रेंगाळली. खाली लोंबणारी तुटकी तार तिने बोटाने हलकेच उचलली, बाळाच्या जावळाला हात लावावा तशी.

"काका, ही मी नेऊ? बाबांच्या फोटोला..."

मी खुंटी सैल केली, तार उतरवली, सांभाळून गुंडाळली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. एवढ्यात खिडकीकडून आवाज आला.

"अहो, सगळी नका देऊ. वीतभर ठेवा. साबण कापायचाय."